वाइन कूलरमध्ये पुन्हा पुन्हा बर्फ साठतोय, डीफ्रॉस्ट हीटर नक्की असतो कुठे?

द्राक्षरस

घरी कंप्रेसरवाला वाइन कूलर आहे. एकच कप्पा, काचेचं दार, तीसेक बाटल्या मावतात. तापमान कायम १२ अंशांवर. बरेच महिने काही कुरकुर नव्हती. हल्ली मात्र आतल्या मागच्या प्लास्टिकच्या भिंतीला ज्या फटी आहेत, त्यातून बर्फ डोकावायला लागतो. मग पंखा कशाला तरी घासल्यासारखा खरखरतो. मग ती खरखरही थांबते आणि डिस्प्लेवरचा आकडा १२ चा १५, १५ चा १६ असा चढत जातो. प्लग काढून दार उघडं टाकलं की तळाला पाणीच पाणी. परत सुरू केला की अगदी शहाण्यासारखा वागतो, आणि थोड्या दिवसांत ये रे माझ्या मागल्या.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने दार उघडलं, बर्फ बघितला आणि "गॅस कमी झालाय, भरून घ्या, नाहीतर नवीनच घ्या" म्हणून निघून गेला. मला ते पटलं नाही. गॅस कमी असता तर बर्फ वितळवल्यावर तरी १२ अंश कसे गाठले असते?

स्वयंपाकघरातल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये डीफ्रॉस्टचा हीटर जळला की असंच होतं, एवढं माहीत आहे. म्हणून विचारतो: वाइन कूलरमध्ये हा हीटर आणि त्याचा टायमर कुठे बसवलेला असतो? मेनूमध्ये डीफ्रॉस्ट नावाचं काहीच सापडत नाही. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, स्क्रू-ड्रायव्हर नीट चालवता येतो. सोल्डरिंग मात्र जमत नाही.

निवांत_वाचक

आधी दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात अडकवा, दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथून हवा शिरतेय. चारही बाजूंनी करा, कोपरे विसरू नका. आणि एखादी लांब मानेची बाटली दाराला आतून टेकत नाही ना, तेही बघा. दार लागल्यासारखं दिसतं, पण केसभर उघडं राहतं.

कॉइलवाला

हीटर शोधू नका. सापडण्याची शक्यता फार कमी आहे, कारण बहुतेक घरगुती वाइन कूलरमध्ये तो नसतोच.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीझरमध्ये हवा उणे १८ अंश असते. तिथे कंप्रेसर तासभर बंद ठेवला तरी कॉइलवरचा (हवा थंड करणाऱ्या आतल्या नळीवरचा) बर्फ हलणार नाही, म्हणून तिथे हीटर द्यावाच लागतो. तुमच्या कूलरमध्ये हवाच १२ अंशांची. कंप्रेसर चालू असताना कॉइल शून्याच्या बरीच खाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर हिम होऊन बसते. कंप्रेसर कट झाला की पंखा तीच १२ अंशांची हवा कॉइलवरून फिरवत राहतो आणि हिम आपोआप वितळतं. पाणी ड्रेनच्या भोकातून मागे जातं, कंप्रेसरच्या डोक्यावर किंवा शेजारी एक ट्रे असतो त्यात पडतं आणि तिथल्या उष्णतेनं उडून जातं. एवढाच त्याचा डीफ्रॉस्ट. वेगळा पार्ट नाही, बटण नाही, म्हणून मेनूतही काही नाही. काही मॉडेलमध्ये छोटा हीटर असतो खरा, पण तो खोली सेट तापमानापेक्षा थंड झाली तर आतली हवा कोमट करायला असतो. त्याचा बर्फाशी संबंध नाही.

म्हणजे वाइन कूलरचा "डीफ्रॉस्ट बिघडला" याचा अर्थ दोनपैकी एक. कॉइलला पुरेशी विश्रांती मिळत नाही, किंवा त्या विश्रांतीत वितळेल त्याहून जास्त ओलावा आत येतोय. आणि एकदा थर जाड झाला की कॉइलवर गोधडी पडल्यासारखं होतं. हवा आतून जात नाही, गारवा बाहेर येत नाही, आतलं तापमान चढतं. कार्डाला, म्हणजे कूलरच्या कंट्रोल सर्किटला, वाटतं अजून थंड करायचंय, ते कंप्रेसर आणखी चालवतं, बर्फ आणखी वाढतो. तुमचे १५-१६ अंश तिथून आलेत.

गॅसबद्दल तुमचा तर्क बरोबर आहे. गेज लावलं नाही, मागचं झाकण उघडलं नाही, तरी "गॅस कमी" हे निदान मी शेकडो वेळा ऐकलंय आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. ही सीलबंद यंत्रणा आहे, गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि मग नुसता भरून उपयोग नाही. शिवाय गॅस कमी असला की कॉइलचं फक्त सुरुवातीचं टोक, जिथे बारीक नळी आत शिरते तेवढंच गोठतं आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट राहते.

आता एवढं बघून सांगा. बर्फ पांढरा आणि भुसभुशीत आहे की काचेसारखा पारदर्शक आणि टणक? हा फरक फार बोलका आहे. भुसभुशीत म्हणजे नवा ओलावा सतत येऊन बसतोय, तेव्हा दार आणि रबर संशयित. टणक, काचेसारखा म्हणजे बर्फ अर्धवट वितळतो आणि पूर्ण निघून जायच्या आत परत गोठतो. दुसरं, कॉइलवर सगळीकडे आहे की एका कोपऱ्यात? फक्त तळाशी ड्रेनभोवती असेल तर भोक तुंबलंय. तिसरं, कंप्रेसर कधी थांबतो का? मागे हात लावून बसा आणि थांबला तर किती वेळ थांबतो ते बघा. आणि आतल्या बाजूच्या लेबलवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, तोही सांगा, शिवाय कूलर ठेवलाय कसा, मोकळा की कपाटात कोंबलेला.

पेल्टियर_पीडित

दादा, मध्येच विचारतो. माझ्याकडे लहान थर्मोइलेक्ट्रिक कूलर आहे, त्यातही मागच्या जाळीमागे बर्फ झालाय. हेच कारण का?

कॉइलवाला

तुमचं गणित वेगळं. त्यात कंप्रेसर नाही, गॅस नाही. पेल्टियर चिप असते, तिची एक बाजू थंड, दुसरी गरम, आणि दोन्हींवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पंखे. आत बर्फ झाला म्हणजे नव्वद टक्के आतला छोटा पंखा मंदावलाय किंवा बंद पडलाय. गारवा पट्ट्यांवरच साचून राहतो आणि त्या शून्याखाली जातात. जाळी काढा, पंखा बोटाने फिरवून बघा, अडखळला तर बदला. त्या मापाचे डीसी पंखे सहज मिळतात, फक्त व्होल्टेज जुन्या पंख्यावर लिहिलंय तेच घ्या. आणि बटण सगळ्यात खालच्या आकड्यावर लावून ठेवू नका. पेल्टियरला खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश खाली जाणंच कसंबसं जमतं. खोली तापलेली असताना ८ अंश मागितले तर ती चिप दिवसरात्र राबते आणि पट्ट्यांना उसंत मिळत नाही.

बुचवाली

बाटल्यांचं कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते. द्राक्षरस, बर्फ वितळवताना बाटल्या बाहेर काढून अंधाऱ्या, त्यातल्या त्यात गार जागी आडव्या ठेवा. एखाद्या दिवसाने वाइनला काही होत नाही. बिघडते ती आठवडेच्या आठवडे तापमान वरखाली होत राहिलं तर. मागच्या भिंतीला टेकलेल्या बाटल्या जरा निरखून बघा. साधारण १२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५-६ अंशांच्या आसपास गोठू लागते, तेव्हा गोठली नसावी, पण बूच वर सरकलेलं दिसलं तर ती बाटली आधी उघडा. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरेट असतात. थंडीनं खाली बसतात आणि निरुपद्रवी असतात.

आणि बूच सुकू नये म्हणून मी आत पाण्याची वाटी ठेवते. तुम्हीही ठेवत असाल तर ती चालू ठेवा.

कॉइलवाला

ताई, बाटल्यांबद्दल सगळं मान्य. वाटीबद्दल नाही. निदान या कूलरमध्ये आत्ता तरी नाही. आडव्या बाटलीचं बूच आतून वाइननंच ओलं राहतं. वाटीतलं पाणी उडून थेट कॉइलवर जाऊन बसतं. ज्याचा डीफ्रॉस्ट ठणठणीत आहे त्याला ते झेपतं. ज्याचा आधीच लंगडतोय त्याच्यात आपणच बर्फाला कच्चा माल पुरवायचा, हे काही बरोबर नाही.

द्राक्षरस

सगळ्यांचे आभार. एकेक सांगतो.

कागदाची पट्टी सगळीकडे अडखळली, अगदी कोपऱ्यांतही. बाटली दाराला टेकत नाही. पाण्याची वाटी मी ठेवत नाही.

बर्फ टणक आहे. वरचा थोडा पांढरा, पण खालचा थर काचेसारखा, आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. खालच्या अर्ध्या भागात जास्त जाड, पण डावी-उजवीकडे सारखाच.

कंप्रेसर थांबतो. पण थांबला की काही मिनिटांत परत सुरू होतो. पूर्वी बराच वेळ शांत असायचा असं वाटतं.

क्लास 'एन' लिहिलाय. कूलर मोकळाच उभा आहे, मागे आणि बाजूला वीतभर जागा आहे. खोली ३० अंशांच्या वर क्वचित जाते.

कॉइलवाला

छान, आता बोलता येईल.

क्लासचं आधी संपवतो. एन म्हणजे खोली १६ ते ३२ अंशांत असेल तर कूलरनं नीट चालावं. एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत, आणि एसएन १० ते ३२. एनचा कूलर ३८ अंशांच्या खोलीत ठेवला तर कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि बर्फ होतो, तेव्हा दोष कूलरचा नसतो. मोकळ्यावर ठेवायचा कूलर कपाटात बसवला तरी तेच होतं, कारण त्याची गरम हवा मागून किंवा बाजूनं निघते, समोरून नाही. तुमचं दोन्ही ठीक आहे, म्हणून ते सोडून देऊ.

रबर ठीक, बर्फ टणक, कंप्रेसर थांबतो पण लवकर उठतो. म्हणजे ओलावा नेहमीइतकाच येतोय, विश्रांती अपुरी पडतेय. पंखा असलेल्या अशा कूलरमध्ये सहसा दोन सेन्सर असतात. एक हवेत लटकतो, त्याचाच आकडा डिस्प्लेवर येतो. दुसरा कॉइलच्या पट्ट्यांत खोचलेला असतो आणि त्याचं काम एवढंच, की कॉइल शून्याच्या चांगली वर आली का हे कार्डाला सांगायचं. तो "आली" म्हणेपर्यंत कार्ड कंप्रेसर सुरू करत नाही. माझा संशय या दुसऱ्यावर आहे. बर्फ फुगताना त्याची क्लिप ढिली होते, सेन्सर पट्ट्यांतून बाहेर सरकतो आणि हवेत लोंबकळतो. हवा १०-१२ अंशांची, मग तो लगेच "वितळलं सगळं" असं सांगून मोकळा, आणि खाली अर्धा बर्फ तसाच. पुढच्या फेरीत त्यावर नवा थर. तुमचा खालचा भाग जाड आहे तोही याच्याशी जुळतो, कारण वितळलेलं पाणी खाली ओघळतं आणि वाटेतच परत गोठतं.

उघडण्याआधी दोन सोप्या तपासण्या करा, म्हणजे फुकट खोलाखोल नको. बर्फ पूर्ण वितळवल्यावर कूलर सुरू करा, मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर राहू द्या. नुसत्या हवेचं माप घेऊ नका, ते प्रत्येक फेरीला नाचतं. ग्लासातलं पाणी आणि डिस्प्ले एकदीड अंशाच्या आत जुळले तर हवेचा सेन्सर निर्दोष. पाणी ८ अंश आणि डिस्प्ले १२ म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय आणि कंप्रेसर उगाच जास्त पळतोय. नंतर तापमान एकदम १८ वर न्या. कार्डावर रिले (कंप्रेसर चालू-बंद करणारा स्विच) टक् वाजला पाहिजे आणि कंप्रेसर लगेच बंद झाला पाहिजे. टक् वाजूनही कंप्रेसर चालूच राहिला तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. मग ते काम सोल्डरिंग येणाऱ्याकडे द्या.

वितळवण्याबद्दल थोडं दरडावून सांगतो. प्लग काढायचा. नुसतं डिस्प्लेवरून बंद करणं पुरेसं नाही. तळाला जुने टॉवेल, दार सताड उघडं, आत कोमट पाण्याचं भांडं ठेवलंत तर काम लवकर होईल. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, उलथनं असलं काहीही बर्फात खुपसायचं नाही. कॉइलचं ॲल्युमिनियम पातळ असतं आणि एक भोक पडलं की मशीन भंगारात. हल्लीच्या बऱ्याच कूलरमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. मागच्या लेबलवर ज्वालेचं पिवळं चिन्ह बघा. गॅस असतो मोजका, पण ज्वालाग्राही. त्यामुळे हीट गन, मेणबत्ती वगैरे जुगाड नकोत. हेअर ड्रायरही मी नाही म्हणेन. बर्फ बाहेरून गेलेला दिसला तरी पट्ट्यांच्या पोटात शिल्लक असतो, म्हणून घाई न करता पूर्ण रात्र द्या. अर्धवट वितळवून सुरू केलेला कूलर हा मला येणाऱ्या तक्रारींमधला नेहमीचा पाहुणा आहे.

द्राक्षरस

दोन्ही तपासण्या झाल्या. ग्लासातलं पाणी ११.५, डिस्प्ले १२. अठरावर नेल्यावर टक् वाजला आणि कंप्रेसर त्याच क्षणी बंद. म्हणजे तुमचा संशयितच उरला. मागचं पॅनेल कसं काढायचं? आणि सेन्सर तिथे सापडला तर तो चांगला आहे हे कसं ओळखायचं?

कॉइलवाला

प्लग काढा. फळ्या बाहेर. मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलला दोन-चार स्क्रू असतात, काहींवर गोल टोप्या बसवलेल्या असतात, त्या नखानं निघतात. स्क्रू निघाले की खालून अलगद पुढे ओढा. जोरात ओढू नका, पंख्याची आणि बहुधा दिव्याची वायर पॅनेलला जोडलेली असते. आधी फोटो काढा, मग कनेक्टर सोडवा.

सेन्सर म्हणजे काळ्या किंवा पांढऱ्या वायरच्या टोकाला गोळीएवढा थेंब किंवा छोटी धातूची टोपी. कार्डाकडचा त्याचा कनेक्टर काढून मल्टीमीटर ओहमवर लावा. या कामाला बहुतेक एनटीसी वापरतात, थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो. २५ अंशांना १० किलो-ओहम किंवा ५ किलो-ओहम हे नेहमीचे प्रकार. ग्लासात भरपूर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, ते शून्यावर स्थिर राहतं, त्यात थेंब बुडवा आणि काटा थांबेपर्यंत वाट बघा. खोलीतल्या मापाच्या साधारण अडीच-तीन पट झाला, म्हणजे १० चा २७ ते ३३ च्या दरम्यान गेला, तर सेन्सर जिवंत आहे. आकडा उड्या मारत असेल किंवा हललाच नाही तर थेंबात पाणी शिरलंय, बदला. नवा घेताना १० च्या जागी ५ चा घेऊ नका, कार्डाचा सगळा हिशेब चुकेल. दोन्ही सेन्सर दिसायला सारखे असतात, वायरवर चिकटपट्टीनं खूण करा, नाहीतर परत जोडताना अदलाबदल होते.

पॅनेल निघालेलंच आहे तर कॉइलच्या खालचं ड्रेनचं भोकही साफ करा. मऊ प्लास्टिकची बारीक नळी किंवा जाड दोरा आत-बाहेर करा, तार नको. मग कपभर कोमट पाणी ओता आणि मागे ट्रेमध्ये उतरतं का बघा.

निवांत_वाचक

कूलर जरासा मागे कलता ठेवला तर दार आपोआप लागतं आणि पाणीही ड्रेनकडे जातं ना?

कॉइलवाला

हो, पण अगदी किंचित. पुढचे पाय एक-दोन आटे वर घ्या, बस. जास्त कलवला तर पाणी ड्रेन चुकवून भलतीकडे साचतं आणि बाटल्या मागे घसरून पॅनेलला टेकतात. त्या टेकल्या की हवेच्या फटी बंद.

द्राक्षरस

उघडला. कॉइलचा सेन्सर खरंच पट्ट्यांच्या बाहेर होता, पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटून बसला होता. क्लिपचा एक पाय तुटलाय. रोध खोलीत ९ च्या आसपास, बर्फात २९, म्हणजे सेन्सर ठीक. ड्रेनमधून थोडी बुळबुळीत काळी घाण निघाली, पण पाणी आता सरळ उतरतं. क्लिप वेगळी मिळत नाही असं दिसतंय. सेन्सर कसा अडकवू? आणि नेमका कुठे खोचायचा?

कॉइलवाला

क्लिप सोडा. साधा नायलॉनचा केबल टाय घ्या. टेप लावू नका, ओल्यात आणि थंडीत तिचा गोंद सुटतो. पूर्वीची जागा पट्ट्यांवर दबलेली दिसत असेल तर तिथेच बसवा. नसेल तर जो भाग सगळ्यात शेवटी वितळतो तिथे, म्हणजे तुमच्या बाबतीत खालच्या अर्ध्यात. थेंब दोन पट्ट्यांच्या मध्ये नीट रुतला पाहिजे, आणि टाय कॉइलच्या वाकलेल्या नळीभोवती घ्या, पण नळी आवळू नका. वायरला खालच्या बाजूला एक झोल ठेवा, म्हणजे पाणी वायरवरून कनेक्टरकडे न जाता झोलाच्या टोकाशी टपकेल. जोडल्यावर पंख्याचं पातं वायरला लागत नाही ना, हे हातानं फिरवून बघा.

सुरुवातीला रिकामाच चालवा आणि कंप्रेसर कट झाला की फटींतून टॉर्च मारा. परत सुरू व्हायच्या आत कॉइल ओली, काळपट आणि बर्फाशिवाय दिसली की बाटल्या भरायला हरकत नाही.

द्राक्षरस

टाय लावून सुरू केलाय. कंप्रेसर आता पूर्वीसारखा बराच वेळ गप्प असतो. टॉर्च मारला, पट्ट्या ओल्या आहेत, बर्फ नाही. मागच्या ट्रेमध्ये मात्र थोडं पाणी दिसतंय, आधी तो नेहमी कोरडा असायचा. ते पुसून घ्यायचं का?

कॉइलवाला

नाही, राहू द्या. जे पाणी कॉइलवर गोठून बसत होतं तेच आता ट्रेमध्ये येतंय. ट्रे काठोकाठ भरायला लागला तरच बघा, तेव्हा परत कागदाच्या पट्टीपासून सुरुवात करा. भरून ठेवताना मागच्या रांगेतल्या बाटल्या पॅनेलपासून बोटभर पुढे ठेवा.